सासूबाईंना अंडंही चालत नाही, सासऱ्यांना बिअर हवी: जर्मनीत नऊ दिवस खायचं-प्यायचं काय?

कोलशेत_रोड (ठाणे)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं जर्मनीला चाललोय. फ्रँकफर्टला उतरायचं, मग कोलोन, तिथून बाम्बेर्ग आणि न्यूर्नबेर्ग, शेवटी शुक्रवार ते रविवार म्युनिक. व्हिसा झाला, हॉटेलं झाली. गाडं अडलंय ते जेवणापाशी.

सासूबाई शाकाहारी, अंडंही नाही, केकसुद्धा एगलेसच. सासरे मासे खातात आणि बिअरचे शौकीन आहेत, पण आजवर त्यांची बिअर म्हणजे बर्फगार लेगर, नाहीतर पबमधली संत्र्याच्या वासाची व्हीट बिअर. नवरा आणि मी चिकन, मासे, अंडी सगळं खातो. बीफ आणि पोर्क चौघांनाही नको.

रोज रात्री इंडियन रेस्टॉरंट शोधत फिरायचं नाही, हे चौघांनाही मान्य आहे. तिकडे जाऊन तिकडचंच खायचं. म्हणून विचारते:

१. मेनू वाचताना कुठे फसायला होतं? सासूबाईंना प्रत्येक गावात काय मिळेल?
२. सासऱ्यांनी कुठे कोणती बिअर घ्यावी, आणि किती झाली की थांबावं?
३. बिअर गार्डनमध्ये घरचा डबा चालतो म्हणे. खरं का? ऑक्टोबरफेस्टला (म्युनिकचा बिअरचा मेळा) वयस्कर माणसांना न्यावं का?
४. जायच्या आधी घरी करून बघता येईल असं काही आहे का?

"तिकडे सगळं मिळतं, काळजी नको" हे उत्तर नातेवाइकांकडून मिळून झालंय. नावं, मापं, खाचाखोचा सांगा.


पाचपाखाडी

आधी सासूबाईंचं, कारण बाकी तिघांचं कुठेही भागेल.

मेनूवर "फेगेटारिश" दिसलं की हुरळून जाऊ नका. त्याचा अर्थ मांस-मासे नाहीत, एवढाच. अंडं त्यात खुशाल असतं. अंडं नको असेल तर "फेगान" शोधा. त्यात दूधही नसतं, पण अंड्याची चिंता मिटते. याहून उपयोगी गोष्ट म्हणजे अ‍ॅलर्जीची यादी. युरोपच्या कायद्याने १४ अ‍ॅलर्जेन गिऱ्हाइकाला कळवणं बंधनकारक आहे आणि अंडं त्या चौदांत येतं. पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरं किंवा आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ मेनूच्या शेवटच्या पानावर सापडतो. तिथे "आय" किंवा "आयर" म्हणजे अंडं. अंड्यासाठी कोणतं अक्षर, हे हॉटेलागणिक बदलतं, म्हणून फ्रँकफर्टला पाठ केलेलं म्युनिकला वापरू नका. छापलेलं नसेल तर "अलेर्गेनकार्टं" मागा, वेगळी फाइल आणून देतात.

मात्र डुकराची चरबी ही अ‍ॅलर्जी नव्हे, त्यामुळे ती या यादीत दिसत नाही. तिथे तोंडाने विचारावंच लागतं.

श्वाइन म्हणजे पोर्क, रिंड म्हणजे बीफ, काल्ब म्हणजे वासरू, हेन्शेन (बव्हेरियात हेन्डल) म्हणजे कोंबडी, पुटं म्हणजे टर्की. हे शब्द दोन दिवसांत डोळ्यांत बसतात. फसवतात ते दुसरे: श्पेक (बेकन), शिंकन (हॅम), श्माल्ट्स (चरबी), हाकफ्लाइश (खिमा, बहुधा बीफ-पोर्क एकत्र) आणि ब्र्युअं (मांस उकळलेलं पाणी). आपल्याकडे जशी फोडणी, तसा तिकडे श्पेक. भाजीत तो "घातला" असं तिथल्या माणसाला वाटतच नाही. त्यामुळे खालच्या गोष्टी शाकाहारी दिसतात, पण बऱ्याचदा नसतात.

झाउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी. मुळात त्यात कोबी आणि मीठच असतं, पण गरम करताना चरबी किंवा श्पेक पडतो. ब्राटकार्टोफेल्न, म्हणजे आपल्या काचऱ्यांचा जाडजूड भाऊ, त्यातही श्पेक. बटाट्याचं सॅलड उत्तरेत मेयोनेजमध्ये (म्हणजे अंडं) आणि दक्षिणेत मांसाच्या गरम स्टॉकमध्ये कालवतात, तेव्हा सासूबाईंना दोन्हीकडे बाद. कांद्याचा केक, त्स्वीबेलकूखन, सप्टेंबरात जागोजाग दिसेल. त्यात श्पेक आणि अंडं दोन्ही. आणि न्यूर्नबेर्गच्या बाजूला "क्लोस मिट सोस" स्वस्तात मिळतं. बटाट्याचा मोठा उंडा आणि वर तपकिरी रस, बघून वाटेल वा! तो रस पोर्क भाजताना निघालेला असतो.

आता काय खावं ते. फ्रँकफर्टला "हांडकेस मिट मुझीक". हे आंबवलेल्या दुधाचं, जवळपास बिनचरबीचं चीज असतं, त्यावर बारीक कांदा, व्हिनेगर, तेल आणि कॅरवे, म्हणजे शहाजिऱ्याचा चुलतभाऊ. वास उग्र, चव मात्र सौम्य आंबट. ते रेनेट (दूध गोठवणारा अर्क) न घालता करतात, हा आणखी एक फायदा. जे कडक चीज वर्षभर मुरवतात त्यात बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट असतं, सासूबाई इतकं पाळत असतील तर त्यांना आधीच सांगून टाका. फ्रँकफर्टचाच हिरवा सॉस, ग्र्यूनं सोसं, सात पाल्यांचा असतो आणि त्यातला एक म्हणजे आपल्या आंबट चुक्याचा भाऊ. उकडलेल्या बटाट्यांबरोबर देतात. अंडं कधी शेजारी ठेवतात, कधी सॉसमध्येच कुस्करतात, म्हणून विचारून घ्या.

कोलोनला "हाल्वे हान" मागवा. नावाचा अर्थ अर्धा कोंबडा. प्रत्यक्षात येतो राईचा पाव, लोणी, गौडा चीजचा बोटभर जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. चिकन समजून तुम्ही मागवलंत तर निराशा, सासूबाईंना मेजवानी.

आणि कुठेही "पेलकार्टोफेल्न मिट क्वार्क" दिसलं की डोळे मिटून घ्या. सालासकट उकडलेले बटाटे आणि क्वार्क, म्हणजे जवळजवळ आपला चक्का, त्यात चिरलेली कांद्याची पात. सोबतीला कोरडी लसूण चटणी न्या. बाकी मी काही बोलत नाही.

तुमच्यासाठी: श्निट्सेल म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला मांसाचा पातळ तुकडा. "वीनर श्निट्सेल" कायद्याने वासराचंच, "वीनर आर्ट" लिहिलं असेल तर बहुधा पोर्क. पुटन किंवा हेन्शेन-श्निट्सेल मागा. सासऱ्यांना फोरेलं (ट्राउट) आणि त्सांडर हे गोड्या पाण्यातले मासे सगळीकडे मिळतील, लोण्यात परतलेले. बाम्बेर्गच्या बाजूला सप्टेंबर ते एप्रिल कार्पचा हंगाम असतो, अर्धा मासा उभा चिरून तळतात. काटे बारीक आणि दोन फाट्यांचे, शिवाय पापलेट-सुरमईवर वाढलेल्या जिभेला थोडा मातकट लागेल. मी असतो तर ट्राउट घेतली असती.

एक ताकीद. सकाळी बेकरीत गुलाबी लेप लावलेला, वर कांदा पेरलेला पाव दिसेल. तो "मेट". कच्चा पोर्क खिमा.


नेरूळ_सेक्टर_१९

कोलशेतहून क्योल्शला (कोलोनची बिअर), बरं जुळलंय! तुमच्या वाटेनेच जातो.

फ्रँकफर्टला बिअर मागूच नका. तिथलं पेय आप्फेलवाइन, सफरचंदाच्या रसाची आंबवलेली वाइन, साडेपाच-सहा टक्क्यांची, गोडवा जवळपास शून्य. झाक्सेनहाउझन भागातल्या जुन्या खानावळींत ती राखाडी अंगावर निळी नक्षी असलेल्या जाड सुरईतून येते. तिला बेम्बेल म्हणतात. पहिल्या घोटाला चेहरा आक्रसतो, तिसऱ्याला बरं वाटायला लागतं. जास्तच आंबट वाटली तर "झाउअर गेश्प्रिट्स्ट" म्हणा, सोडा घालून देतात. "झ्यूस" म्हणालात तर लिंबाचं गोड सोडापाणी घालतील, आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा तुमच्याकडे बघतील.

कोलोनची पद्धत नीट समजून घ्या, नाहीतर रात्र हाताबाहेर जाते. बसल्याबसल्या क्योबेस (तिथल्या वाढप्याचं हे नाव) क्योल्शचा ०.२ लिटरचा सडपातळ, सरळसोट पेला पुढ्यात ठेवतो. त्याच्या हातातल्या गोल ट्रेला मधोमध दांडी असते आणि भोवतीच्या खाचांत दहा-बारा पेले. पेला ठेवताना खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची एक रेघ ओढतो. पेला संपत आला की न विचारता दुसरा, दुसरी रेघ. "नको" म्हणण्याची रीत एकच: ती चकती उचलून पेल्यावर झाकण म्हणून ठेवायची. अर्धा पेला तसाच सोडून गप्पा मारत बसलात तर तो नवा आणून ठेवणारच, त्यात त्याचा उद्धटपणा नाही. ती चकतीच तुमचं बिल असते, तेव्हा आठवण म्हणून पर्समध्ये टाकू नका.

पेला एवढा छोटा, कारण या बिअरचा फेस लवकर बसतो आणि फेस गेला की चव पडते. ताजी, थंड, दोन-चार घोटांत संपेल एवढीच द्यायची. ही दिसते लेगरसारखी, पण यीस्ट एलचं (उबेत आंबणाऱ्या बिअरचं). आधी उबेत आंबवतात, मग थंडीत मुरवतात, त्यामुळे चव स्वच्छ आणि वास किंचित फळाचा. १९८६ च्या करारानुसार कोलोन परिसरातल्या ब्रुअरीच "क्योल्श" हे नाव लावू शकतात. तिथे बसून आल्टबिअर मागू नका. ती चाळीस किलोमीटरवरच्या ड्युसेलडॉर्फची आणि दोन्ही गावांचं यावरून जमत नाही.

बाम्बेर्ग म्हणजे राउखबिअर, धुराची बिअर. माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, बीच झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, म्हणून हा वास. श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल ही तिथली दोन जुनी ठिकाणं. श्लेंकेर्लाची मेर्त्सन नावाची राउखबिअर ५.१ टक्क्यांची, जवळपास काळी. पहिला घोट थेट सुक्या मासळीच्या डब्याची आठवण करून देईल, आणि मासे खाणाऱ्या सासऱ्यांना ती कदाचित आवडेलही. एका घोटावर निकाल देऊ नये, अर्धा पेला होईपर्यंत जिभेला धुराची सवय होते आणि मग माल्टची गोडी कळते. चौघांत एक पेला मागवून सुरुवात करा.

म्युनिकला हेलेस आणि वाइसबिअर. हेलेस म्हणजे फिकट लेगर, पाच टक्क्यांच्या आसपास, पिल्सपेक्षा (दुसरी फिकट लेगर) कमी कडू. ती सात-आठ अंशांवर देतात, आपल्यासारखी बर्फगार नाही. "थंड नाही" म्हणून परत पाठवू नका, जीभ बधिर झाली तर माल्ट कळणार कसा? वाइसबिअर गव्हाची, निदान अर्धा माल्ट गव्हाचा असतो. सासऱ्यांनी इथे जी संत्र्याची प्यायली ती बेल्जियन घराण्याची, तिच्यात संत्र्याची साल आणि धणे घालतात. म्युनिकच्या वाइसबिअरमध्ये असलं काही नसतं, पण वास येतो पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. बव्हेरियाने १५१६ मध्ये बिअरला बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच ठरवून दिलं. गहू पावासाठी राखायचा होता, म्हणून गव्हाची बिअर पुढे बराच काळ राजघराण्याच्या परवानगीचा मामला राहिला.

वाइसबिअर बाटलीत दिली तर ओतताना गडबड होते. उंच पेला थंड पाण्याने ओला करून घ्या, कोरड्या काचेवर फेस चढतो. पेला चांगला तिरका धरा, बाटलीचं तोंड काचेला जवळजवळ टेकवून सावकाश ओता. दोन बोटं बिअर उरली की थांबा. बाटली हातात गोल फिरवा म्हणजे तळाचं यीस्ट सुटेल, मग ते वर ओता. पेला सरळ धरून ओतलंत तर अर्धा पेला फेस आणि टेबल ओलं. "प्रोस्ट" करताना हा पेला खालच्या जाड बुडाने टेकवतात, वरची कड पातळ असते.

किती झाली की थांबायचं, त्याचं गणित. तीस मिलीच्या स्मॉल पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १३ मिली. क्योल्शच्या एका पेल्यात साडेनऊ. म्हणजे पाच रेघा झाल्या की साडेतीन पेग. ऑक्टोबरफेस्टची बिअर सहा टक्क्यांच्या आसपास आणि तिथला काचेचा मग एक लिटरचा, म्हणजे ६० मिली अल्कोहोल, साडेचार पेगहून जास्त. आपल्या स्ट्राँगच्या मोठ्या बाटलीत, आठ टक्के धरले तरी ५२. सासऱ्यांना हा आकडा आधी दाखवा. "बोक" किंवा "डोपेलबोक" लिहिलेलं दिसलं तर आणखी सावध, तिथे सात-आठ टक्के सहज. तुमच्यापैकी कोणी गाडी चालवणार असेल तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार, आणि अपघात झाला तर ०.३ वरही प्रकरण अंगाशी येतं.

ज्यांना नको त्यांच्यासाठी आप्फेलशोर्लं, सफरचंदाचा रस आणि सोडा. "अल्कोहोलफ्राय" बिअर चांगली असते, पण तिच्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. सासूबाईंना ते चालेल का, हे तुमचं तुम्ही बघा.


कोलशेत_रोड

खूपच कामाचं लिहिलंत दोघांनी. "चक्का" वाचून सासूबाईंनी मेतकूट बांधायला घेतलंय. सासरे म्हणतात, चकती पेल्यावर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरा प्रश्न राहिला. दशम्या नेऊ ना? आणि म्युनिकला आम्ही नेमके फेस्टच्या शनिवार-रविवारीच आहोत.


ऐरोलीकर

दशम्या न्या, कोरड्या चटण्या, मेतकूट, भाजणी न्या. पेढे, खवा, तूप, पनीर घरीच ठेवा. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबंही नकोत, ताज्या पाल्याला आणि फळभाज्यांना तपासणीचा दाखला लागतो.

डब्याचं ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये खाणं आपलं आणता येतं, पिणं मात्र तिथलंच घ्यायचं, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर काढू नये. याचं मूळ १८१२ मध्ये आहे. ब्रुअरींना आपल्या तळघरांवर बिअर विकायची परवानगी मिळाली, पण शेजारच्या खानावळवाल्यांचं पोट मारू नये म्हणून पावाखेरीज खाणं विकायला बंदी. मग लोक डबा घेऊन येऊ लागले. पुढे खाणं विकायची मुभा मिळाली तरी डब्याचा हक्क राहिला आणि १९९९ च्या बव्हेरियन नियमातही तो आहे. वर चेस्टनटची झाडं दिसतात तीही तळघरं थंड राहावीत म्हणून लावलेली.

गोम अशी: ज्या टेबलांवर टेबलक्लॉथ अंथरलाय तिथे वाढपी येतो, तिथे डबा उघडायचा नाही. उघडी लाकडी टेबलं सेल्फ-सर्व्हिसची, तिथे बिनधास्त. टेबलं आठ-दहा जणांची असतात, अनोळखी लोकांशेजारी बसणं हाच रिवाज आहे. "इस्ट हिअर नोख फ्राय?" (इथे जागा आहे का?) विचारा आणि बसा. फक्त "श्टामटिश" अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नका, ते रोजच्या मंडळींचं. ही सवलत बव्हेरियातली आहे, कोलोनला डबा काढलात तर अपमान होईल.

तिथे सासूबाईंनी दशमीबरोबर दोन गोष्टी विकत घ्याव्यात. एक ओबात्स्दा: पिकलेलं कामाँबेर चीज, लोणी, लाल पाप्रिका, कांदा आणि कॅरवे एकत्र कुस्करलेलं, कधी बिअरचा शिपका असतो, म्हणून विचारा. दुसरा राडी, म्हणजे चक्क मुळा. मनगटाएवढा पांढरा मुळा यंत्रावर सलग गोल गोल कापतात, तो स्प्रिंगसारखा उलगडतो. त्यावर मीठ भुरभुरून पाच मिनिटं ठेवतात, मग त्याला पाणी सुटतं आणि तिखटपणा उतरतो. मीठ घालून लगेच खाल्ला तर नाकात जातो. ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा पाव) घेताना मात्र "श्माल्ट्स?" विचारा, बहुतेक ठिकाणी लोणी किंवा तेल असतं, काही पीठांत चरबी. आणि खानावळीत टेबलावर आधीच ठेवलेली ब्रेत्सेलची टोपली हा फुकटचा चखणा नव्हे. खाल तेवढी मोजून बिलात.

सासऱ्यांसाठी श्टेकर्लफिश. बांगड्याचा गोरा भाऊ, मॅकरेल, काठीवर खोवून निखाऱ्यांशेजारी तिरका उभा करतात, आतून-बाहेरून मसाला चोळलेला. मसाला म्हणजे मीठ, पाप्रिका, लसूण एवढंच. लिंबू मागून घ्या. वजनावर विकतात, तेव्हा पाटीवरचा भाव बहुधा शंभर ग्रॅमचा असतो. तुम्हा दोघांना हाल्बेस हेन्डल, अर्धी भाजलेली कोंबडी.

ऑक्टोबरफेस्ट. न्यावं, पण शनिवारी नाही. मोठ्या मंडपांत हजारो माणसं मावतात तरी शनिवारी सकाळीच दारं बंद होतात, आणि बसायला जागा मिळाल्याशिवाय बिअर मिळत नाही. तुम्ही शुक्रवारी पोहोचताय, तर शुक्रवारीच सकाळी अकराच्या सुमारास जा आणि तीन-साडेतीनला निघा. चारनंतर लोक बाकांवर उभे राहायला लागतात. प्रवेश फुकट. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, त्यामुळे डबा वगैरे विसरा. तिथे म्युनिकच्या सहाच ब्रुअरींची बिअर मिळते. २०२५ मध्ये एका लिटरला १४.५० ते १५.८० युरो होते, वर टीप. फिशर-फ्रोनी नावाच्या मंडपात हाच काठीवरचा मासा मिळतो आणि आउगुस्टिनर ब्रुअरीची बिअर लाकडी पिंपातून येते. सासऱ्यांना तिथे न्या. बिअरचा मग एकच घ्या, दोघांनी वाटून घेतला तरी कोणी काही म्हणत नाही. तो काचेचा मग पिशवीत टाकून बाहेर निघालात तर मात्र फाटकावर अडवतात.

शनिवार-रविवारी हिर्शगार्टनसारखं मोठं बिअर गार्डन बरं. पण सप्टेंबरअखेर ऊन गेलं की गारठतं आणि पाऊस आला तर बागा बंदच असतात, तेव्हा संध्याकाळसाठी आतली खानावळ आधीच बुक करा.

वेळा: पुष्कळ खानावळींचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं ते साडेपाचला उघडतं, रात्री नऊ-साडेनऊला शेवटची ऑर्डर. सोमवारी अनेकांची सुट्टी. आपली रात्री दहाची जेवणाची सवय तिथे उपाशी ठेवते. रविवारी सुपरमार्केट बंद, दही-फळं शनिवारीच घ्या.

पैसे: रोख जवळ ठेवा, जुन्या खानावळी कार्ड घेतीलच असं नाही. टीप टेबलावर ठेवून जात नाहीत. बिल २७.४० झालं तर पैसे देतानाच "तीस" म्हणायचं. साधं पाणी हवं तर "श्टिलेस वासर", नुसतं "वासर" म्हणालात तर सोड्याचं येतं आणि तेही विकतचं. कॅन किंवा प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८. सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून परत घ्या. कॅन चुरगळू नका, बारकोड वाचला नाही तर यंत्र तो परत बाहेर ढकलतं.


खारीगाव_कळवा

चौथ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, म्हणून मी. केजंश्पेट्सलं करा, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या जाडसर शेवया, चीज घातलेल्या. दक्षिण जर्मनीत घरोघरी होतं आणि त्यासाठी लागणारं अवजार तुमच्या घरी आहे: बुंदीचा झारा.

चौघांसाठी ४०० ग्रॅम मैदा, ४ अंडी, चमचाभर मीठ, १५० ते २०० मिली पाणी. पाणी सगळं एकदम ओतू नका, प्रत्येक मैदा वेगळं पाणी पितो. लाकडी कालथ्याने बुडबुडे दिसेपर्यंत आपटून फेटा. पीठ कालथ्यावरून धारेसारखं वाहायला नको आणि गोळ्यासारखं चिकटून बसायलाही नको, जाडसर ओघळत तुटायला हवं. पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

मोठ्या पातेल्यात खारट पाणी उकळून आच कमी करा. झाऱ्यावर पळीभर पीठ घालून पळीच्या पाठीने दाबत पाण्यात सोडा. मिनिट-दोन मिनिटांत वर तरंगतात, लगेच काढायचे. गरम भांड्यात एक थर श्पेट्सलं, एक थर किसलेलं चीज, असं ३०० ग्रॅम चीज. वर तीन मोठे कांदे लोण्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं तपकिरी केलेले. बिर्याणीच्या कांद्यासारखे तळून कुरकुरीत केले तरी चालतात, पण गोडी मंद आचेवरच येते.

काय बिघडतं: झारा पाण्याच्या फार जवळ धरला की वाफेने पीठ भोकांतच शिजतं आणि भोकं बुजतात. वीतभर वर धरा, दर खेपेला झारा गार पाण्यातून काढा. पीठ पातळ झालं तर पाण्यात पेज होते, एक चमचा मैदा वाढवून एकच घास आधी सोडून बघा. खळखळ उकळत्या पाण्यात ते फुटतात. डब्यातलं प्रोसेस्ड चीज गोंदासारखं होतं, मोझरेला नुसतं ताणतं, चव देत नाही. एमेंटाल आणि गौडा अर्धं-अर्धं घ्या.

सासूबाईंसाठी: ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, मीठ, रंगापुरती हळद आणि ३०० मिली थंड सोडा, लागला तर आणखी. रवा फुगायला अर्धा तास ठेवा. अंड्याची लवचीकता येत नाही, म्हणून झाऱ्याची भोकं मोठी हवीत आणि काढताना हलक्या हाताने. मात्र जर्मनीत हा पदार्थ मेनूवर "फेगेटारिश" म्हणून दिसेल तेव्हा त्यात अंडं असणारच, घरची चव आठवून मागवू नका.


पाचपाखाडी

खारीगावकरांनी शेवटी लिहिलं ते अधोरेखित. एक कागद करून सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवा: "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय, ओने श्पेक, ओने श्माल्ट्स. मिल्श उंड केजं ओके." म्हणजे मांस, मासे, अंडं, बेकन, चरबी नको, दूध आणि चीज चालेल. कागदावर हे रोमन अक्षरांत मोठ्या ठशात छापा. वाढप्याच्या हातात द्या, तो आत नेऊन आचाऱ्याला दाखवतो. तोंडी सांगितलं की "काइन फ्लाइश" (मांस नको) एवढंच आत पोहोचतं आणि सूपमध्ये श्पेकचे तुकडे तरंगत येतात.


नेरूळ_सेक्टर_१९

आणि सासरे परतताना बाटल्या आणायचं म्हणणारच. माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री, बिअरही त्यातच मोजतात. अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या झाल्या. काचेसकट एक बाटली नऊशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे बॅगेत साडेतीन किलो गेलेच. चेक-इनमध्ये, प्रत्येक बाटली मोज्यात घालून, कपड्यांच्या मधोमध. राउखबिअर आणा, ती इथे सहसा दिसत नाही. वाइसबिअर आणली तर घरी पोहोचल्यावर दोन दिवस फ्रीजमध्ये उभी ठेवा, आडवी नाही. पाचवी बाटली हॉटेलवरच संपवा.